जंगलात इमारत बांधायची तर आधी खाली बघा

हल्ली कुठलंही सांस्कृतिक भवन, म्युझियम, स्मारक जाहीर झालं की त्याच्यासोबत कॉम्प्युटरवर केलेलं एक चित्र येतंच. मागे दाट झाडी, मधे काचेची इमारत, पुढे हातात हात घालून चाललेलं कुटुंब आणि खाली ओळ, 'निसर्गाशी एकरूप वास्तू'. दुसरीकडे बातम्या उघडल्या तर आरेची झाडं गेलेली, तपोवनातल्या झाडांसाठी नाशिकची माणसं रस्त्यावर उतरलेली, आणि वाद दर वेळी तोच, बांधायचं तर झाडं जाणारच, झाडं ठेवायची तर बांधायचं कुठे. मी सिव्हिलवाला, ड्रॉइंग वाचायची सवय आहे, त्यामुळे ओळखीचे लोक मला विचारतात की हे 'एकरूप' वगैरे खरंच जमतं का, का नुसतं चित्रापुरतं.

जमतं. सगळीकडे नाही जमत, सोपं तर अजिबात नाही, पण जमतं. आणि ते जमलंय की नाही हे ओळखायला आर्किटेक्ट असायची गरज नाही, झाड कसं जगतं एवढं माहीत असलं तरी अर्धं काम होतं. एक खरी इमारत समोर ठेवूनच बोलू म्हणजे हवेत राहणार नाही.

व्हिसलरचं म्युझियम

कॅनडात व्हँकुव्हरच्या उत्तरेला साधारण १२० किलोमीटरवर व्हिसलर नावाचं डोंगरातलं गाव आहे, स्कीइंगसाठी प्रसिद्ध. तिथे २०१६ मध्ये ऑडेन आर्ट म्युझियम सुरू झालं. मायकल ऑडेन आणि त्यांच्या पत्नी योशिको कारासावा यांनी जमवलेला ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या कलेचा संग्रह तिथे आहे, किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांनी लाकडात कोरलेल्या मुखवट्यांपासून एमिली कार या चित्रकर्तीच्या जंगलाच्या चित्रांपर्यंत. म्हणजे आतली कलासुद्धा जंगलातूनच आलेली. इमारत केली पॅटकाऊ आर्किटेक्ट्स या व्हँकुव्हरच्या ऑफिसने, क्षेत्रफळ साधारण ५६ हजार चौरस फूट. छोटी नाही हे लक्षात घ्या, आपल्याकडचं मोठं मंगल कार्यालय यात दोन-तीनदा बसेल.

आता जागा बघा. फिट्झसिमन्स क्रीक नावाच्या डोंगरी नदीचा पूरपट्टा, म्हणजे नदीला पूर आला की पाणी पसरतं ती सपाट जमीन, त्यावर उंच सूचिपर्णी झाडं, आणि गावात वर्षाला सरासरी साडेचार मीटरच्या आसपास बर्फ. वरून बर्फ, खालून पूर आणि मधे झाडं. यात मौल्यवान चित्रं ठेवायची.

सरळ विचार करणारा माणूस काय करेल, तर भराव टाकेल, जमीन उंच करेल, मधली झाडं काढेल आणि चौकोनी इमारत उभी करेल. आपल्याकडे नदीकाठाला हेच चालतं. त्यांनी आधी झाडांमधली मोकळी फट शोधली. ती फट सरळ नव्हती म्हणून इमारतही सरळ नाही, हाताचं कोपर वाकवल्यावर जसा आकार होतो तशी लांबट आणि वाकलेली आहे. आणि ती अख्खी इमारत जमिनीपासून एक मजला वर उचलली. पूर आला तर पाणी खालून निघून जावं. तुम्ही आत जाता ते पुलावरून, पूल तुम्हाला एका मोठ्या ओसरीत आणून सोडतो, ओसरीला आतून फिकट लाकूड लावलंय त्यामुळे ती उजळ वाटते, तिथून म्युझियममध्ये शिरा नाहीतर रुंद पायऱ्या उतरून खालच्या कुरणावर जा.

मला यात सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की इमारतीचा आकार झाडांनी ठरवला. आर्किटेक्टच्या मनात आधी एक सुंदर आकार आला आणि मग त्यासाठी जागा साफ केली असं झालं नाही.

झाड म्हणजे खांब नाही

आता मूळ मुद्द्याकडे, अक्षरशः मुळाकडे. आपल्याला शाळेत झाडाचं चित्र असं काढायला शिकवलंय की वर जेवढा पसारा तेवढीच खाली मुळं खोल गेलेली, आरशात पडल्यासारखी. बहुतेक झाडांचं तसं नसतं. मुळांचा बराचसा भाग जमिनीच्या वरच्या साधारण एक मीटरमध्येच असतो, आणि पाणी-खत शोषणारी जी बारीक केसासारखी मुळं असतात ती तर मुख्यतः वरच्या एक फुटात. खोल जाण्यापेक्षा ती आडवी जास्त पसरतात, फांद्यांच्या टोकापर्यंतच नाही तर त्याच्याही बऱ्याच पुढे. वाइनचा ग्लास ताटात उभा केलाय असं डोळ्यासमोर आणा, दांडी म्हणजे खोड आणि ताट म्हणजे मुळं, ते चित्र जास्त बरोबर आहे.

दुसरं म्हणजे माती. चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा रिकामी असते, बारीक छिद्रं, ज्यात हवा आणि पाणी राहतं. ढोकळ्यासारखं. ढोकळ्यावर फोडणीचं पाणी घातलं की तो शोषतो, पण तोच ढोकळा तळहाताने दाबून सपाट करा आणि मग पाणी घाला, सगळं वरून वाहून जाईल, आणि हात काढला तरी ढोकळा परत फुगणार नाही. मातीवरून जेसीबी दोन-चार वेळा फिरला, खडीचा ट्रक उभा राहिला, सिमेंटच्या गोण्यांची थप्पी पावसाळाभर राहिली की मातीचं हेच होतं. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते, ती बंद होते. झाडाला कुऱ्हाड कोणी लावलेली नसते, पण झाड मेलेलं असतं, फक्त ते आपल्याला दोन-चार वर्षांनी कळतं.

आमच्या गावच्या घरासमोर आंब्याचं जुनं झाड होतं. अंगण चिखलाचं होतं म्हणून आम्हीच हौसेने सगळीकडे काँक्रीट करून घेतलं, अगदी खोडापर्यंत, झाडाला हात नाही लावायचा असं मिस्त्रीला बजावून. पहिल्या वर्षी मोहोर नेहमीसारखा आला, दुसऱ्या वर्षी शेंड्याच्या फांद्या वाळल्या, तिसऱ्या वर्षी झाड संपलं. सगळे म्हणाले कीड लागली. मला कारण कळायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण आम्ही ते झाड वाचवतोय अशाच समजुतीत होतो.

मग झाडाला किती जागा सोडायची? ब्रिटनमध्ये बांधकामासाठी एक साधा हिशोब वापरतात, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजायचा आणि त्याला १२ ने गुणायचं, तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे त्या झाडाचं मूळ-संरक्षण क्षेत्र, तिथे खोदायचं नाही, गाडी न्यायची नाही, माल ठेवायचा नाही. खोड अर्धा मीटर जाड असेल तर सहा मीटर त्रिज्या. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं तर ११३ चौरस मीटर, म्हणजे बाराशे चौरस फुटांच्या वर. पुण्या-मुंबईच्या बहुतेक टू बीएचके फ्लॅटपेक्षा जास्त जागा एका झाडाला लागते! आता कुठल्याही प्लॅनवर जिथे झाडाच्या खोडाभोवती तीन फुटांचा कट्टा दाखवून 'झाड जतन केले' लिहिलेलं असतं ते आठवा.

मग पाया घालायचा कसा

आपला नेहमीचा पाया म्हणजे भिंतीखाली सलग चर. रस्त्यात चर मारला की त्या पट्ट्यातल्या सगळ्या केबली तुटतात आणि अख्ख्या गल्लीचं नेट जातं, तसंच सलग चराने त्या ओळीतली सगळी मुळं तुटतात. त्याऐवजी सुटे खांब घेतले तर जमिनीला फक्त मोजकी भोकं पडतात. त्यातही काळजी घेणारे लोक आधी हाताने खोदून बघतात, जाड मूळ लागलं तर खांब फूटभर सरकवतात, आणि तो सरकवता यावा म्हणून वरचा सांगाडा आधीच तसा डिझाइन केलेला असतो. आकडे ठरवून आलेला इंजिनियर इथे अडतो. जमिनीने सांगितल्यावर बदल करायची तयारी लागते, आणि टेंडरच्या कागदात त्याला जागा लागते.

घरातलं उदाहरण द्यायचं तर पाय असलेला पलंग आणि जमिनीला टेकलेला बॉक्सचा दिवाण. पलंगाखालून झाडू फिरतो, मांजर फिरतं, सांडलेलं पाणी पुसता येतं. दिवाणाखाली काय चाललंय ते कोणालाच माहीत नसतं. खांबांवरची इमारत म्हणजे तो पलंग, खालून पुराचं पाणी जातं, साप-मुंगूस जातात, शेजारच्या झाडाची मुळं आहेत तिथेच राहतात.

पण उचलली म्हणजे सगळं निर्धास्त असंही नाही हं. इमारतीखाली ऊन पोचत नाही, पाऊसही नाही, त्यामुळे तिथली जमीन कोरडी पडते आणि तिथे फारसं काही उगवत नाही. ती जमीन तुम्ही जंगलाकडून घेतलीच आहे, फक्त वाहता रस्ता मोकळा ठेवलाय. लांबट, अरुंद इमारत म्हणूनच बरी पडते, दोन्ही बाजूंनी थोडा उजेड आणि ओल खाली शिरते.

दुसरा मार्ग, पुरून टाकायची

जपानमध्ये क्योटोजवळ शिगा प्रांतात शिगाराकीच्या डोंगरात मिहो म्युझियम आहे, १९९७ चं. आर्किटेक्ट आय. एम. पेई, पॅरिसच्या लूव्हर म्युझियमसमोरचा काचेचा पिरॅमिड ज्यांनी केला तेच. तिथे निसर्ग-संरक्षणाचे नियम कडक, जमिनीच्या वर किती बांधकाम दिसू द्यायचं याला मर्यादा होती. तर पेईंनी १७,४०० चौरस मीटरच्या इमारतीचा तीन-चतुर्थांश भाग जमिनीखाली घातला. वर दिसतात ती झाडीतून डोकं काढणारी काचेची उतरती छपरं.

तिथे पोचायची पद्धत फार सुंदर आहे. गाड्या आणि बसेस स्वागत-इमारतीपाशीच थांबतात. तिथून पुढे चालत किंवा छोट्या विजेच्या गाडीतून, चेरीच्या झाडांच्या रांगेतून एका बोगद्यात शिरायचं, बोगदा वळणाचा आहे त्यामुळे पलीकडचं टोक लगेच दिसत नाही, आणि बाहेर पडलात की थेट दरीवरच्या पुलावर. पुलाची लांबी साधारण १२० मीटर, आणि तो बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या कमानीतून निघालेल्या केबलींवर तोललेला आहे, दरीत खाली खांबांची रांग नाही. एका कोळ्याला गुहेतून पलीकडे एक विसरलेलं सुंदर गाव सापडतं अशी जुनी चिनी गोष्ट आहे, पेईंच्या मनात ती होती.

मला हा प्रवेश मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. जंगलातल्या इमारतीचं सगळ्यात मोठं नुकसान खूपदा इमारत करतच नाही, पार्किंग करतं. दोनशे गाड्या लावायच्या म्हटल्या की येण्याजाण्याच्या जागेसकट पाच हजार चौरस मीटर डांबर लागतं, म्हणजे बऱ्याचदा भवनापेक्षा मोठं. ते डांबर दूर, आधीच मोकळ्या असलेल्या जागी ठेवायचं आणि शेवटचं अंतर माणसाने चालायचं, हा निर्णय कागदावर फुकट आहे आणि त्याने सगळ्यात जास्त झाडं वाचतात.

पण पुरण्याबद्दल मला शंका आहेत आणि त्या सांगायला हव्यात. इमारत जमिनीखाली घालायची तर आधी डोंगर उघडावा लागतो. मिहोमध्ये तेच केलं, माती काढली, इमारत बांधली, मग माती परत टाकून वर झाडं लावली. आज बघणाऱ्याला अखंड डोंगर दिसतो आणि ते काम त्यांनी मनापासून केलंय यात वाद नाही. पण काढून परत टाकलेली माती ही पहिली माती नसते, थर मोडलेले असतात, त्यातलं बुरशीचं जाळं, जे मुळांना पाणी आणि अन्न मिळवून देतं, ते तुटलेलं असतं, ते परत विणलं जायला खूप काळ लागतो. डोळ्याला न दिसणं आणि जंगलाला न दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसलरची इमारत दिसते, मिहोची फारशी दिसत नाही, पण जमिनीला कमी धक्का कुठे बसला असं विचाराल तर माझं मत व्हिसलरकडे आहे. अर्थात पूरपट्ट्यात म्युझियम तळघरात घालायचा प्रश्नच नव्हता, जागा सांगेल तसं.

छपरावरचं पाणी कुठे जातं

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं पाठ करा. हजार चौरस मीटरचं छप्पर आणि एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस, जो आपल्या सह्याद्रीत जुलैमध्ये काही नवलाचा नाही, म्हणजे एक लाख लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर. आधी तेच पाणी पानांवर, फांद्यांवर, पालापाचोळ्यावर थांबत थांबत जमिनीत मुरायचं. आता ते छपरावरून चार पाइपांतून चार ठिकाणी धाडकन पडणार, तिथे घळ पडणार, माती वाहणार, आणि बाकीच्या झाडांना मिळायचं ते कमी होणार.

म्हणून चांगल्या डिझाइनमध्ये पाणी एका जागी गोळा करून गटारात न सोडता पसरवतात, छपराच्या कडेभर दगडगोट्यांचा चर ठेवतात, उथळ खळग्यांत थांबवून मुरवतात. आपल्याकडच्या जुन्या कौलारू घराच्या पागोळ्या आठवा, कडेभर पाणी पडायचं आणि खाली दगड लावलेले असायचे, तेच शहाणपण. व्हिसलरला पाण्याऐवजी बर्फ, म्हणून छप्पर चांगलं उतरतं. सपाट स्लॅब हा जंगलात सगळ्यात वाईट पर्याय, पाऊस असो की बर्फ, आणि वर पालापाचोळा कुजून पाणी तुंबतं ते वेगळंच.

काच, पक्षी आणि चित्रं

चित्रात काच छान दिसते. पक्ष्याला काच दिसत नाही. त्याला काचेत झाडाचं प्रतिबिंब दिसतं आणि तो त्या झाडाकडे उडतो. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे तिथे इमारतींवर आपटून वर्षाला साडेछत्तीस कोटी ते जवळपास नव्व्याण्णव कोटी पक्षी मरतात. हे एका देशाचं. आणि जंगलाला लागून काच असली की प्रतिबिंब आकाशाचं नसतं, झाडाचंच असतं.

उपाय आहेत, काचेवर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा रेघा घेतल्या की पक्ष्याला कळतं इथून जायला जागा नाही. किंवा मुळात काच कमी घ्यायची. इथे म्युझियमची एक गरज आपोआप मदतीला येते. कागदावरची चित्रं, कापड, रंगवलेलं लाकूड यांना उजेड सोसत नाही, कागद आणि कापडासाठी साधारण ५० लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवतात, लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक, ऑफिसात आपण ३०० ते ५०० लक्समध्ये बसतो. शिवाय हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या जवळ स्थिर लागते. म्हणजे दालनं बंदिस्तच हवीत. मग जंगल दाखवायचं कुठे, तर एका दालनातून दुसऱ्यात जाताना. ऑडेनमध्ये हेच केलंय, दालनं बंद आणि त्यांच्या बाजूने जाणारी काचेची वाट, तिथून कुरण आणि झाडं दिसतात. चित्रं बघून डोळे दमले की बाहेर जंगल, परत आत. मला वाटतं अख्खी काचेची पेटी करण्यापेक्षा असं मोजकं दाखवणं जंगलाला जास्त मान देणारं आहे.

रात्रीच्या दिव्यांचंही तेच. झाडांवर खालून मारलेले हिरवे-निळे फोकस बघितले की मला त्रास होतो. पतंग, किडे, वटवाघळं, सगळ्यांचं रात्रीचं गणित बिघडतं. वाटेपुरता, खाली तोंड केलेला, पिवळसर दिवा पुरतो.

'बांबू आणि दगड वापरला की झालं ना?'

हा प्रश्न हमखास येतो. स्थानिक साहित्य चांगलंच, वाहतूक वाचते, गावच्या कारागिराला काम मिळतं. पण बांबूचं भवन सलग चरावर उभं केलं आणि त्यासाठी तीस झाडांची मुळं कापली तर ते जंगलाच्या बाजूचं होत नाही. आणि विदर्भात किंवा सह्याद्रीच्या पूर्व उतारावर जिथे उन्हाळ्यात वणवा येतो तिथे गवताचं छप्पर म्हणजे जोखीम. ऑडेन बाहेरून काळसर पत्र्याचं आहे, ऐकायला रुक्ष वाटतं, पण दाट झाडीत मुळात अंधारच असतो, त्या सावलीत गडद रंग मागे सरकतो आणि पांढरा रंग ओरडतो. उलट मिहोचा मधाच्या रंगाचा चुनखडी दगड फ्रान्समधून आणलाय, दिसतो अप्रतिम, पण जपानच्या डोंगराशी त्याचं काय नातं हे मला अजून समजलेलं नाही.

'तोडली तर दुसरी लावू की'

आपल्या राज्यात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावायची असं ठरलं. निदान वयाला किंमत आहे हे कायद्याने मान्य केलं, ते चांगलंच झालं. पण साठ वर्षांच्या झाडाच्या बदल्यात साठ रोपं दुसरीकडे कुठेतरी लावली तर ढोलीत राहणारं घुबड रोपात राहू शकत नाही, त्याला ढोलीच लागते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. जंगलाच्या आतलं झाड एकमेकांच्या आडोशाने वाढलेलं असतं, उंच, सडपातळ, वाऱ्याची सवय नसलेलं. तुम्ही मधली वीस झाडं काढली की कडेला उरलेल्या झाडांवर पहिल्यांदा थेट वारा आणि ऊन येतं. भर गर्दीत लोकलमध्ये उभा असलेला माणूस पडत नाही, पण आजूबाजूचे एकदम उतरले आणि गाडीने धक्का दिला की तोल जातो. तसं पुढच्या दोन-तीन वादळांत ती कडेची झाडं पडतात, किंवा 'धोकादायक' म्हणून तोडली जातात, आणि मग त्यांच्या मागची कडेला येतात. याला कडेचा परिणाम म्हणतात. म्हणून कागदावर वीस झाडं लिहिलेली असली तरी ती वीसवर थांबत नाहीत. आधीपासूनची फट शोधणं इतकं महत्त्वाचं का, ते यात आहे.

'मग जंगलात बांधायचंच कशाला?'

प्रामाणिक प्रश्न आहे आणि बऱ्याच वेळा उत्तर 'बांधू नका' हेच आहे. गावात जुनी शाळा, बंद पडलेली गिरणी, रिकामी कचेरी असेल तर भवन तिथे करा. पण काही वेळा त्या संस्कृतीचाच जीव जंगलात असतो. व्हिसलरमध्येच २००८ पासून स्क्वॉमिश आणि लिलवत या दोन मूळ रहिवासी समाजांचं सांस्कृतिक केंद्र आहे, त्याच प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांचं. त्याची कल्पना त्यांच्याच दोन जुन्या घरांवरून घेतली, स्क्वॉमिशांचं देवदारासारख्या लाकडाच्या फळ्यांचं लांबलचक घर आणि लिलवतांचं इस्तकेन, म्हणजे थंडीसाठी अर्धं जमिनीत आणि वर लाकूड-मातीचं छप्पर असलेलं घर. उचलायची का पुरायची हा प्रश्न आधुनिक आर्किटेक्टच्या कितीतरी आधी तिथल्या माणसांनी आपल्या परीने सोडवला होता.

आपल्याकडे तर देवराई आहे. अख्खं जंगल देवाचं, वाळलेली फांदीसुद्धा उचलायची नाही, आणि मधे देव, कित्येक ठिकाणी नुसता उघड्यावर, फार तर चार खांब आणि कौलं. माणसं जमायची, पालखी निघायची, गाऱ्हाणं घातलं जायचं, म्हणजे सांस्कृतिक केंद्राचं सगळं काम तिथे चालायचं आणि बांधकाम नाममात्र. आता कोकणात, घाटमाथ्यावर बऱ्याच ठिकाणी जीर्णोद्धार होतो, आरसीसीचा सभामंडप येतो, टाइल्स येतात, गाडी दारापर्यंत यायला रस्ता येतो, आणि तो रस्ता शतकभराच्या झाडांतून जातो. लोकांची भक्ती खरी असते, पैसेही वर्गणीचेच असतात, वाईट हेतू कोणाचाच नसतो. म्हणून तर हे नीट समजावून सांगायला हवं असं मला वाटतं. तोच मंडप देवराईच्या बाहेर, गाव संपतं तिथे केला आणि आत चालत गेलं तर देव काही दूर जात नाही.

'हे सगळं आपल्याला परवडेल का?'

खांबांवर उचलणं महाग पडतं, खोटं कशाला बोला. शिवाय व्हीलचेअरवरून येणाऱ्यासाठी रॅम्प लागतो, आणि रॅम्पचा चढ साधारण बारास एक, म्हणजे चार मीटर चढायला ४८ मीटरचा रॅम्प आणि मधे थांबायचे टप्पे धरले तर अजून जास्त, नाहीतर लिफ्ट. पण आपल्याला अख्खा मजला उचलायची गरज बहुतेक ठिकाणी नाही, पुराचा धोका नसेल तर दोन फूटही पुरतात. आणि ज्याने सगळ्यात जास्त फरक पडतो त्या गोष्टी स्वस्त आहेत. काम सुरू व्हायच्या आधी झाडांच्या मुळांभोवती पक्कं कुंपण, गाड्यांसाठी एकच ठरलेली वाट, माल ठेवायची जागा जंगलाबाहेर, आणि त्याआधी प्रत्येक झाडाची जागा, जात, घेर दाखवणारा नकाशा.

हा झाडांचा नकाशा बघायला मागा. तुमच्या गावात असं भवन येणार असेल तर त्या रंगीत चित्राऐवजी तोच कागद हातात घ्या, इमारतीचा प्लॅन त्याच्यावर ठेवून बघा आणि प्रत्येक खोडाभोवती व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ काढा, शाळेतला कंपास पुरतो. वर्तुळं भिंतींना किती ठिकाणी कापतात ते दहा मिनिटांत कळतं. झाडांवर नोटीस लागली की हरकत घेता येते, तेव्हा हाच कागद जोडता येतो.

आणि अजून एक विचारा, पन्हळी कोण साफ करणार. झाडीतल्या इमारतीवर वर्षभर पानं पडतात. उद्घाटनाच्या वर्षी सगळं छान असतं, तिसऱ्या पावसाळ्यात पन्हळ तुंबते, दालनात ओल येते, चित्राला बुरशी लागते, आणि कोणीतरी सांगतं की वरच्या फांद्याच छाटून टाका, मग पुढच्या वर्षी झाडच. यासाठी वर्षातून तीन-चार वेळा छपरावर चढणारी दोन माणसं, त्यांचा पगार आणि त्यांना सुरक्षित चढता येईल अशी शिडी बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेली हवी.